मढला गेलेली पेटी

सुलक्षणा मेस्त्री घाबरट आहे, हे घाटकोपरच्या भटवाडीत कुणालाही विचारा, सांगतील. गॅस बंद केला तरी ती परत जाऊन बघते, आणि बघून आली की पुन्हा एकदा जाते. जिन्यातला दिवा गेलेला असला तर खालूनच शेजारणीला हाक मारते. रिक्षा जरा जोरात निघाली की पुढच्या दांड्याला गच्च धरून "हळू रे भावा, हळू" सुरू. आणि असली बाई कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते, दिवसभर विजेत हात घालून बसते, याचं लोकांना भारी हसू येतं. हसणाऱ्यांचं काय जातंय? तिच्या हातून दुरुस्त होऊन गेलेलं मशीन परत येत नाही, ते ती घाबरट आहे म्हणूनच. दुसरा एकदा मापतो तिथे ही तीनदा मापते, आणि चौथ्यांदा मापावंसं वाटलं तर लाजत नाही.

तिचे वडील सीताराम मेस्त्री यांना मात्र ही गोष्ट कधी पटली नाही. जातीचे सुतार, गाव कणकवलीकडचं, मुंबईत गिरणीत फिटर. चालू मशीनखाली सरपटत जाऊन नट आवळणारा माणूस. गिरणी गेली तसे ते पुन्हा रंधा-पटाशीकडे वळले आणि दारं-खिडक्या करून त्यांनी घर ओढलं. मुलीचं हे असं बघून ते आल्यागेल्याला सांगायचे, मेस्त्र्यांच्या घरात ही भागूबाई खंयसून इली, काय कळणा नाय. हसत सांगायचे, पण सांगायचे. सुलक्षणाचं लग्न जमलं नाही, तर त्याचंही कारण ते हेच देत, की बघायला आलेल्या मुलाच्या मोटरसायकलवर बसायला ही घाबरली. खरं तर तेव्हा आईला अर्धांगवायू झाला होता आणि घरात करणारं दुसरं कुणी नव्हतं. ते काही बोललं जात नाही आपल्याकडे. मोटरसायकलचं बोललं जातं.

आई गेली, सुलक्षणाची पंचेचाळिशी उलटली, आणि दोघं बापलेक एकाच घरात राहिली. पुढची खोली दुकान, मागची खोली घर. दुकानाच्या दाराशी वाळूची बादली. एकदा एका गिऱ्हाइकाच्या फोनची बॅटरी पुरीसारखी फुगून तिच्या टेबलावर आली होती, तेव्हापासून ती बादली तिथे आहे. बाबा त्या बादलीत विड्या विझवायचे आणि वर म्हणायचे, चला, काहीतरी उपयोग झाला.

नवरात्र बसायच्या आधी सुबोध सोनकांबळे दुकानात आला. कामराजनगरचा मुलगा, वय चोवीस-पंचवीस, सिनेमा आणि मालिकांच्या सेटवर लाइटमन. कधी गोरेगावला स्टुडिओत, कधी मढच्या एखाद्या बंगल्यात. त्याच्या हातात जेवणाच्या डब्याएवढा एक छोटा कॉम्प्युटर होता, कुठल्या तरी ऑफिसने काढून टाकलेला. तसा गरीब दिसणारा, पण गेम चांगले चालवणारा. सुबोधचं म्हणणं एवढंच होतं, की ताई, ह्याला असं काहीतरी करून द्या की मी तो बरोबर घेऊन फिरेन आणि लाइट नसलेल्या जागीही खेळेन. सेटवर लाइट लावून झाले की हीरोची वाट बघत बसायचं. तो मेकअपमधून निघेपर्यंत केबलच्या खोक्यावर बसून माणसाचा जीव जातो. फोनवरचे गेम त्याला पोरकट वाटत. आणि हातात धरून खेळायचं जे तयार मशीन मिळतं ते घ्यायची त्याची ऐपत नव्हती.

सुलक्षणाने आधी साफ नाही म्हटलं. प्लगवर चालणारं मशीन बॅटरीवर आणायचं म्हणजे मोठी बॅटरी आली, आणि मोठी बॅटरी म्हटल्याबरोबर तिची नजर वाळूच्या बादलीकडे गेली. पण आतून बाबांनी ऐकलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी हत्यारं गुंडाळून माळ्यावर टाकली होती, आणि बसून बसून ते कावले होते. ते बाहेर आले, कॉम्प्युटर हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाले, ह्याका पेटी हवी. बाजाच्या पेटीसारखी, वरती मूठ, झाकण उघडला की आत पडदो. सुबोधचे डोळे चमकले. दोन पुरुष एका पेटीवर बोलायला लागल्यावर सुलक्षणाचं कोण ऐकतंय!

मग मात्र तिने मनापासून केलं. बाबांनी माळ्यावरची हत्यारं उतरवून सागवानाची पेटी केली. मोडक्या लॅपटॉपचा पडदा काढून झाकणात बसवला. कॉम्प्युटर खालच्या कप्प्यात, बाजूने हवा खेळायला भोकं, आणि सगळ्यात तळाला बॅटरीचा कप्पा, त्याला सरकतं झाकण. बॅटरी नवी घ्यायची तर परवडेना. म्हणून ती जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून आतले बोटाएवढे सेल काढी. हे काम तिच्याइतकं सावकाश कुणी करत नाही. सेल पूर्ण भरायचा, मग एक दिवस नुसता पडू द्यायचा, आणि मग मीटर लावून मापायचा. चांगला सेल भरलेला असतो तसाच राहतो. नासका सेल कुणी काही न मागता आपोआप उतरत जातो, कारण तो आतल्या आत फुटलेला असतो. असा सेल बाकीच्यांबरोबर बांधून चार्जिंगला लावला की तापतो, आणि एकदा तापायला लागला की थांबत नाही. बोर्ड लावा, फ्यूज लावा, आतून पेटणाऱ्याला बाहेरून कोण आवरणार?

अष्टमीला बॅटरी बांधून झाली. पण शेवटच्या क्षणी एका सेलवरचं प्लॅस्टिक खरवडलेलं तिला दिसलं. दुसरी एखादी असती तर चिकटपट्टी लावून मोकळी झाली असती. हिने तो सेल काढला आणि त्याच दिवशी फोडलेल्या एका बॅटरीतला दुसरा सेल चार्ज करून त्या जागी बसवला. बाकी सगळे मापलेले होते. हा एकच राहिला होता. उद्या मापू, उद्यापर्यंत त्याचा एक दिवस भरेल, असा तिने हिशेब केला.

आणि उद्या होती खंडेनवमी.

मेस्त्र्यांच्या घरात खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. घरातलं एकूण एक हत्यार धुऊन पुसून देवापुढे पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची, आणि दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही बसू द्यावं, अशी ती रीत. सुलक्षणा आंघोळ करून आली तर बाबांनी आपला रंधा, पटाशा, करवत सगळं मांडलं होतं आणि दुकानातलंही उचलून आणलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंगची गन आणि मीटर. मीटरच्या पडद्यावर त्यांनी बोटाने कुंकवाची टिकली ओढली होती. "बाबा, मीटर मला..." एवढं तिच्या तोंडून निघालं. ते म्हणाले, मीटर पण हत्यारच ना? त्याने तुका पोसला नाय? तिने मीटरकडे गेलेला हात मागे घेतला. सुबोध दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होता. दसऱ्याला संध्याकाळी मापू, काय बिघडतंय.

सुबोध आला दसऱ्याच्या सकाळीच. पांढराशुभ्र शर्ट घातलेला, विहारात वंदना करून तसाच आलेला. त्याच्यासाठीही तो दिवस मोठा. धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्याची आई दीक्षाभूमीला नागपूरला गेली होती. त्याला मढच्या बंगल्यावरून निरोप आला होता, की मुहूर्ताचा शॉट आजच घ्यायचाय, आणि मग पुढे आठवडाभर तिथेच मुक्काम. त्याने विचारलं, ताई, पेटी झाली असेल तर नेऊ का?

झाली तर होतीच. बाबांनी ती पॉलिश करून आरशासारखी चकचकीत केली होती. ते पेटीशी उभे होते, पंच्याने तिचा कोपरा पुसत, आणि सुबोध झाकण उघडून पडदा लागलेला बघून नुसता हसत होता. मीटर मागच्या खोलीत पाटावर, झेंडूखाली. काम एका मिनिटाचं. सुलक्षणाने दाराकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. फूल उचललं तर बाबा काही बोलणार नाहीत, फक्त गप्प होतील आणि सणाचा दिवस तसाच जाईल, हे तिला माहीत होतं. आणि मग तिने स्वतःला तेच सांगितलं जे सगळे तिला जन्मभर सांगत आले. तू आहेसच घाबरट. एक सेल तो काय, आणि त्याने काय होणार. तिने सुबोधला चार्जर दिला, आणि वर शहाणपणा सांगितला, की बॅटरी पूर्ण उतरू देऊ नको, संध्याकाळच्या ब्रेकला आठवणीने चार्जिंगला लाव. बाबांनी त्याच्या हातावर श्रीखंडाच्या वड्या ठेवल्या. सुबोध पेटी घेऊन गेला.

दुपारी जेवण झालं. बाबा आडवे झाले. सुलक्षणा दुकानात टेबल आवरायला गेली. त्या शेवटच्या सेलचे भाऊबंद, म्हणजे त्याच बॅटरीतून निघालेले उरलेले सेल, स्टीलच्या ताटलीत भरून ठेवलेले होते. ते डब्यात टाकावेत म्हणून तिने एक उचलला, आणि तिचा हात तिथेच थांबला.

सेल कोमट होता.

तिने तो गालाला लावून बघितला. पंखा चालू होता, ऊन तिथे येत नाही. ताटली गार, टेबल गार. कशाला न जोडलेला, नुसता पडलेला सेल कोमट.  तिने सेल वाळूच्या बादलीत टाकला आणि तशीच मागच्या खोलीत गेली. पाटावरचं फूल बाजूला केलं आणि मीटर उचलला. बाबांचा डोळा उघडला. "गो, सांज होऊक नाय अजून," ते म्हणाले. तिने ऐकलं नाही. ताटलीतले सगळे सेल मापले. एकही जागेवर नव्हता. सगळे उतरले होते, कुणी थोडा, कुणी खूप. म्हणजे ती बॅटरीच नासकी होती, पडलेली नाहीतर पाणी गेलेली, देव जाणे. आणि तिच्यातलाच एक पेटीत होता.

तिने सुबोधला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग तिला आठवलं, तोच एकदा म्हणाला होता की मोठ्या सेटवर गेटवरच फोन काढून घेतात, कुणी फोटो काढून बाहेर देऊ नये म्हणून. आई नागपूरला. बंगल्याचा नंबर कुणाकडे असणार! तिला फक्त खूण माहीत होती, मढच्या चर्चच्या पुढचा, समुद्राकडे मागचं दार असलेला पिवळा बंगला. आणि संध्याकाळचा ब्रेक. तो आठवणीने चार्जिंगला लावेल. तिनेच बजावलं होतं, आणि पोरगा ऐकणारा.

 बाबांना तिने एवढंच सांगितलं, की एक सेल मापायचा राहिला होता आणि तो खराब निघाला, आणि सुबोध पेटी उशाशी घेऊन झोपणार. मीटरबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. तो तिच्या हातातच होता, कुंकवाच्या टिकलीसकट. बाबा उठून बसले. त्यांनी पाटाकडे बघितलं. मग त्यांनी टोपी घातली, पाटावरचा मोठा स्क्रू-ड्रायव्हर उचलून पिशवीत टाकला आणि चपला शोधायला लागले. ती नको म्हणाली, ऊन आहे, तुम्ही कशाला. ते म्हणाले, तू होडयेत बसतलंस एकटा? सोंग करू नको.

घाटकोपरहून वर्सोव्यापर्यंत मेट्रो, ती एक सोय, आणि पुढे खाडी ओलांडून मढला होडी. सणाचा दिवस, डब्यात बसायला जागा होती. समोर नटून-थटून बसलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, मांडीवर बॅगा, आणि प्रत्येक बॅगेत एकेक बॅटरी, हेच तिला दिसत होतं. साकीनाक्यापर्यंत ती फोन लावत होती. मग तिची स्वतःचीच बॅटरी उतरायला लागली तसा तिने तो नाद सोडला. तिला सुबोध दिसायचा, लाइटच्या गोदामात गादीवर आडवा झालेला, कानात हेडफोन, पेटी छातीवर. मग पुढचं दिसायचं, आणि ते बघायला नको म्हणून ती डोळे उघडे ठेवून खिडकीबाहेर बघत होती. बाबा शेजारी ताठ बसले होते. मध्येच म्हणाले, होवचा नाय काय, घाबरा नको. तिला त्यांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला असेल, पण आला, सणकून.

वर्सोव्याच्या जेट्टीवर होडीला झेंडूची तोरणं, इंजिनला हार. कोळ्यांनीही आपापली हत्यारं पुजली होती, पण इंजिन चालू होतं. पोटासाठी चालवावं लागतं आणि देव काही रागवत नाही, हे तिने बघितलं. होडीत मोटरसायकली उभ्या, माणसं त्यांच्यामध्ये अंग चोरून. होडी हलली तशी सुलक्षणाने बाबांचा दंड धरला. ती मनातल्या मनात कामाचा क्रम लावत होती. पोचल्यावर आधी चार्जर काढायचा, मग पेटी उघड्यावर न्यायची, तळाचं झाकण सरकवायचं, बॅटरी ओढून लांब टाकायची. ती तोंडाने पुटपुटत असावी, कारण बाबांनी ऐकलं.

"झाकण सरकाचा नाय," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं.

"खडखडत होता. म्हणान मी सरस लावन बसवलंय. घट्ट आसा."

तिला न सांगता! बॅटरी काढायला जागा ठेवा, झाकण सरकतं ठेवा, हे तिने बजावून सांगितलं होतं, आणि ह्या माणसाने खडखडतं म्हणून चिकटवून टाकलं, कारण सीताराम मेस्त्रीची पेटी खडखडली तर लोक काय म्हणतील.  तोंड उघडलं असतं तर ती किंचाळली असती, आणि होडीत माणसं होती. तिने बाबांचा दंड सोडला आणि शेजारच्या मोटरसायकलची सीट धरली.

मढच्या जेट्टीवरून रिक्षा केली. हळू म्हणायच्या ऐवजी जोरात घे म्हणाली, तेव्हा बाबांनी तिच्याकडे वळून बघितलं. चर्चपुढे पिवळा बंगला लगेच सापडला, बाहेर गाड्यांची रांगच होती. गेटवर किरण नावाचा प्रॉडक्शनचा माणूस खुर्ची टाकून बसलेला, पायाशी फोनांनी भरलेली पिशवी. तिने सुबोधचं नाव सांगितलं. तो म्हणाला, मावशी, शॉट चालू आहे, कट होईपर्यंत माशीसुद्धा आत जात नाही, बसा इथे. ती म्हणाली, त्याची एक पेटी आहे लाकडी. हां हां, ती गेमवाली ना, तो हसून म्हणाला, ब्रेकमध्ये सगळ्यांनी बघितली, झकास आहे, आत्ताच त्याने लाइटच्या खोलीत चार्जिंगला लावलीय.

आत्ताच. म्हणजे सुरू झालं होतं. बंगल्याच्या आत कुणीतरी हळू आवाजात रडण्याचा अभिनय करत होतं, बाकी चिडीचूप. सुलक्षणा गेटला धरून उभी राहिली. चारचौघांत आवाज चढवणं तिला कधी जमलेलं नाही. बसमध्ये स्टॉप चुकला तरी ती पुढच्या स्टॉपवर उतरून चालत येते. तिने तोंड उघडलं तर आधी आवाजच फुटेना. मग फुटला.

"आग लागेल तिथे. सोड मला आत."

किरणचं हसू गेलं. आग हा शब्द सेटवर कुणी गमतीने काढत नाही. त्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं, आणि ती पळत सुटली. कट झाला की नाही तिला माहीत नाही. कुणीतरी ओरडलं, कोण आहे रे ती बाई. वरच्या मचाणावरून "ताई?" असा सुबोधचा आवाज आला. तो वर होता, लाइटजवळ, जिवंत, हातीपायी धड.  पण खोलीत पेटी होती, आणि खोलीत एक स्पॉटदादा, सेटवर चहापाणी बघणारा, गादीवर पालथा झोपला होता, पेटीपासून हातभर अंतरावर.

खोलीत पडदे, गाद्या, केबलींची भेंडोळी. आणि वास. नेलपॉलिशसारखा गोडसर वास. हा वास तिने त्या फुगलेल्या फोनच्या वेळी घेतला होता. तिने आधी प्लग उपटला. मग झोपलेल्याला लाथ मारली, अगदी खरी लाथ, आणि ऊठ म्हणून ओरडली. तो धडपडत बाहेर गेला. पेटीला हात लावला तर तळ तापलेला होता, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीइतका. ही इथेच टाकून पळावं, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. खोली पेटली असती, बंगला पेटला असता. तिने मुठीला धरून पेटी उचलली आणि अंगापासून शक्य तितकी लांब धरून मागच्या दाराने निघाली. ती रडत होती. मोठ्याने, लहान मुलीसारखी, आई गं, आई गं म्हणत. पायऱ्या, मग कोरडी वाळू, मग ओली. भरतीच्या रेषेशी तिने पेटी खाली ठेवली आणि मागे पळाली.

सगळा सेट मागच्या दारात गोळा झाला होता. सुबोध पळत आला. तिने त्याचा शर्ट धरून त्याला मागे ओढलं, आणि पेटीच्या भोकांतून धुराची पहिली पांढरी रेघ निघाली. तो म्हणाला, ताई, माझा कॉम्प्युटर. ती म्हणाली, जाऊ दे. एवढ्यात तिला दिसलं, बाबा पेटीकडे चालले होते.

टोपी वाऱ्याने उडालेली, हातात मोठा स्क्रू-ड्रायव्हर. चाल फिटरची, न डगमगणारी. त्यांनी चिकटवलेलं झाकण, तेच काढणार, मुलाचं मशीन वाचवणार. चालू मशीनखाली शिरणाऱ्या माणसाला एका पेटीचं काय भय! ते वाकले सुद्धा. पटाशी लावावी तसा त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर तळाच्या फटीत घातला. सुलक्षणाला आपण कधी पळालो ते कळलंच नाही. तिने मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली आणि ओढलं. "सोड माका," ते ओरडले. ती सोडेना. म्हातारा अजून दणकट. त्याने हिसका दिला, तिचा पाय घसरला, आणि दोघं एकमेकांवर वाळूत पडली. तिने पडल्या पडल्या त्यांचं डोकं स्वतःच्या पदराखाली घेतलं.

तेवढ्यात पेटी फुटली. एक फुसकारा, मग फटाक्यांच्या माळेसारखे आवाज, आणि तळातून आडवी ज्वाळा, बाबा जिथे वाकले होते नेमकी तिथून. एक पेटता सेल सुर्रकन वाळूवरून गेला आणि पाण्यात विझला. पॉलिशने भराभर पेट घेतला. सागवान जळताना बरा वास येतो, पण कुणाच्या ते लक्षात आलं नसेल. लाइटवाल्यांनी वाळूच्या बादल्या आणल्या आणि लांबून मारायला सुरुवात केली. थोड्या वेळाने मूठ तेवढी उभी राहिली, मग तीही आत पडली.

सुबोध शेजारी येऊन बसला.  तो स्पॉटदादा पुन्हा पुन्हा म्हणत होता, मी तिथेच झोपलो होतो, मी तिथेच झोपलो होतो. कुणीतरी सुलक्षणाला शाब्बास म्हटलं, कुणीतरी विचारलं की असली पेटी बनवली कुणी. तिने सांगितलं, मी. सेल न मापता दिला. सुबोध म्हणाला, जाऊ दे ना ताई, आणि ती म्हणाली, नाही, जाऊ द्यायचं नाही, तुझा कॉम्प्युटर मी भरून देईन. मग तिने खाली बघितलं, कारण तिच्या मनगटाला काहीतरी जाणवत होतं.

बाबांनी तिचा हात धरलेला होता. मिठीतून सुटल्यावर कधीतरी धरला असेल. ते जळून काळ्या पडलेल्या पेटीकडे बघत होते आणि त्यांचा हात कापत होता, इतका की तिचा हातही हलत होता. गिरणीतल्या सगळ्या वर्षांत, आई गेली तेव्हा, ऑपरेशनला आत नेलं तेव्हाही हा हात असा झालेला तिने पाहिला नव्हता. त्यांचे ओठ हलले. तिने कान जवळ नेला.

"माका भय वाटता गो," ते म्हणाले.

घाबरू नका म्हणायला सगळे आहेत. त्या शब्दांनी काय होतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार! तिने दुसऱ्या हाताने त्यांच्या पांढऱ्या केसांतली वाळू झाडली आणि त्यांना जवळ ओढलं.

"माका पण, बाबा," ती म्हणाली.